मोटारीतील थंडावा कोठे हरवतो?



वैशाखाचे ऊन, दुपारची वेळ आणि छत्रपती संभाजीनगरचा पारा ४२ अंश सेल्सिअसवर. अशा वेळी मोटारीतील वातानुकूलन यंत्राची कळ दाबावी आणि थंड हवेऐवजी कोमट हवेचा झोत तोंडावर यावा, हा अनुभव पुष्कळांना आहे. बहुतेक मंडळींचे निदान ठरलेले असते : "गॅस संपला!" मोटार गॅरेजमध्ये नेली जाते, गॅस भरला जातो, थोडे दिवस गारवा मिळतो आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

हे निदान बरोबर की चूक हे ठरवायला फार मोठ्या विद्येची गरज नाही. बाष्पीभवन, संघनन, अप्रकट उष्णता आणि वायूचा दाब हे धडे तुम्ही शाळेत शिकता. तेच धडे हाताशी धरून आज आपण या यंत्राची तपासणी करू या. यात पैशांचा प्रश्न तर आहेच. परंतु त्याहून मोठाही एक प्रश्न गुंतलेला आहे. तो लेखाच्या उत्तरार्धात येईल.

थंडी तयार होत नाही, उष्णता हलवली जाते

प्रथम एक गैरसमज दूर करू. वातानुकूलन यंत्र थंडी निर्माण करीत नाही. ते मोटारीच्या आतील उष्णता उचलते आणि बाहेर नेऊन टाकते. विहिरीतले पाणी रहाटाने वर काढावे, तसाच हा प्रकार. पाणी आपोआप वर चढत नाही आणि उष्णताही थंड जागेकडून गरम जागेकडे आपोआप जात नाही. दोन्ही ठिकाणी काम करावे लागते. येथे ते काम इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर, म्हणजे संपीडक, करतो.

उष्णता उचलायची युक्ती आपल्या घरातील माठालाही माहीत आहे. माठातून झिरपलेले पाणी वाफ होऊन उडते आणि त्यासाठी लागणारी अप्रकट उष्णता उरलेल्या पाण्यातून घेते. म्हणून माठातील पाणी गार होते. वाळ्याच्या ताट्यांचा कूलरही असाच चालतो. परंतु माठाला आणि कूलरला कोरडी हवा लागते. मे महिन्यात मराठवाड्यात कूलर छान चालतो आणि आषाढात निरुपयोगी ठरतो, त्याचे कारण हेच. शिवाय उडालेले पाणी परत मिळत नाही. मोटारीच्या यंत्रात मात्र उडालेला द्रव बंद नळ्यांत पकडून पुन्हा द्रव केला जातो आणि पुन्हा पुन्हा वापरला जातो.

या द्रवाला प्रशीतक म्हणतात. गॅरेजमधील मंडळी त्यालाच 'गॅस' म्हणतात. आज आपल्याकडच्या बहुसंख्य मोटारींत आर-१३४ए नावाचे प्रशीतक असते. नेहमीच्या वातावरणदाबाला ते उणे २६ अंशांना उकळते. पण उत्कलनबिंदू दाबावर अवलंबून असतो हे तुम्हांला ठाऊक आहे. आपले शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून अधिक उंचीवर असल्याने येथे पाणी १०० नव्हे, तर सुमारे ९८ अंशांनाच उकळते. उलट प्रेशर कुकरमध्ये दाब वाढल्यामुळे ते १०० अंशांच्या वर उकळते. प्रशीतकाचे असेच आहे. खालील आकडे पाहा. यात १ बार म्हणजे जवळजवळ समुद्रसपाटीवरील वातावरणाचा दाब आणि येथील दाब एकूण दाब आहेत.

३ बार : सुमारे ० अंशांना उकळते
५.७ बार : २० अंशांना
७.७ बार : ३० अंशांना
१०.२ बार : ४० अंशांना
१६ बार : सुमारे ५८ अंशांना

आता यंत्राची युक्ती उघड होते. डॅशबोर्डमागे असलेल्या कूलिंग कॉइलमध्ये दाब सुमारे ३ बार ठेवला, तर प्रशीतक ० अंशांच्या आसपास उकळेल आणि मोटारीतील गरम हवेतून उष्णता घेईल. मग कॉम्प्रेसरने ती वाफ ओढून १६ बारपर्यंत दाबली, की ती ५८ अंशांनाच द्रव होऊ लागेल. बाहेरची हवा ४२ अंश असली तरी ५८ अंशांपुढे ती थंडच! म्हणून पुढच्या जाळीमागील कंडेन्सरमध्ये प्रशीतक आपली उष्णता बाहेरच्या हवेला देऊन टाकते. हा द्रव पुढे एका बारीक छिद्राच्या झडपेतून जातो. तिला एक्स्पान्शन व्हॉल्व्ह म्हणतात. तेथे त्याचा दाब एकदम उतरतो, तो थंडगार होतो आणि पुन्हा कूलिंग कॉइलमध्ये शिरतो. असे हे चक्र आहे.

'गॅस संपला' म्हणजे काय?

एक छोटे गणित करू. समजा, यंत्र मोटारीतून दर सेकंदाला ४००० जूल उष्णता काढते आहे. आर-१३४एची अप्रकट उष्णता ० अंशांना दर ग्रॅमला सुमारे २०० जूल आहे. परंतु झडपेतून येताना द्रवाचा काही भाग आधीच वाफ होऊन जातो. म्हणून प्रत्यक्षात दर ग्रॅममागे सुमारे १४० जूल उष्णता उचलली जाते असे धरू. तेव्हा दर सेकंदाला सुमारे २९ ग्रॅम प्रशीतक फिरले पाहिजे. लहान मोटारीत एकूण प्रशीतक असते सुमारे ४५० ग्रॅम. म्हणजे सगळा साठा साधारण १६ सेकंदांत एक फेरी पुरी करतो. मिनिटाला जवळजवळ चार फेऱ्या, तासाला सव्वादोनशे!

यावरून काय दिसते? पेट्रोल जळून संपते, तसे प्रशीतक खर्च होत नाही. तेच ते फिरत राहते. ते कमी झाले असेल तर ते गळाले आहे, दुसरे कारण नाही. रबरी नळ्यांतून आणि सांध्यांतून वर्षानुवर्षे अगदी थोडे झिरपते हे खरे. पण एकदा भरलेले प्रशीतक महिन्या-दोन महिन्यांत नाहीसे होत असेल, तर कोठे तरी छिद्र आहे आणि ते शोधलेच पाहिजे. भोक पडलेल्या घागरीत पुन्हा पुन्हा पाणी ओतण्यात शहाणपण नाही.

डोळे, कान आणि हात यांची तपासणी

आता निदानाकडे वळू. डॉक्टर जसे आधी नाडी पाहतात आणि मग रक्त तपासायला पाठवतात, तसे आपणही सोप्या गोष्टी आधी पाहाव्यात.

उन्हात उभी असलेली मोटार आतून फार तापलेली असते. तेव्हा प्रथम काचा उघडून एक-दोन मिनिटे गरम हवा जाऊ द्यावी, मग काचा लावून आतलीच हवा फिरवण्याची कळ दाबावी. बाहेरची ४२ अंशांची हवा सतत आत घेतली, तर चांगले यंत्रही दमते. दहा मिनिटांनी झोताच्या तोंडाशी साधा तापमापक धरावा. मोटार चालू असताना तो १० अंशांच्या आसपास आला, तर यंत्र निरोगी समजावे. तो २५ किंवा ३० अंशांवर अडकला, तर पुढील लक्षणे पाहावीत.

१. झोतच दुबळा आहे. हवा थंड आहे, पण थोडी येते. अशा वेळी दोष प्रशीतकात नसून हवेच्या वाटेत असतो. बहुधा हवेची गाळणी धुळीने बुजलेली असते. ती काढून साफ करणे किंवा बदलणे हे काम घरीही होते.

२. झोत जोरात, पण कॉम्प्रेसर फिरत नाही. पुष्कळ मोटारींत कळ दाबताच 'टक' असा आवाज येतो. तो विद्युतचुंबकी क्लचचा. आवाज येत नसेल, तर फ्यूज, रिले, तारा किंवा क्लचची गुंडाळी तपासावी. एक गोष्ट ध्यानात ठेवा : प्रशीतक फार कमी झाले की दाबावर चालणारा एक स्विच कॉम्प्रेसरला मुद्दाम बंद ठेवतो. कारण कॉम्प्रेसरचे वंगण तेल प्रशीतकाबरोबरच फिरते. ते मिळाले नाही तर कॉम्प्रेसर जळून जाईल. म्हणून हा स्विच तारेने जोडून टाकणे म्हणजे आजार बरा न करता वेदना मारणे होय. काही नव्या मोटारींत क्लचच नसतो. तेथे 'टक' ऐकू आला नाही म्हणून घाबरू नये.

३. वेगात गार, थांबल्यावर गरम. जालना रस्त्यावर सिग्नलपाशी मोटार थांबली की हवा कोमट होते आणि वेरूळच्या रस्त्याला लागताच पुन्हा गार होते. कारण सोपे आहे. मोटार धावते तेव्हा कंडेन्सरवर वारा आपोआप येतो. थांबल्यावर तो पंख्याने द्यावा लागतो. पंखा बंद असेल किंवा कंडेन्सरच्या पात्यांत धूळ, चिखल आणि किडे अडकले असतील, तर उष्णता बाहेर पडत नाही. मघाच्या उदाहरणात आतून काढलेल्या ४००० जूलमध्ये कॉम्प्रेसरने केलेल्या कामाची भर पडते. ते काम सेकंदाला १५०० जूल धरले, तर कंडेन्सरला ५५०० जूल उष्णता फेकावी लागते. पंख्याशिवाय ते कसे साधणार? अशा वेळी गॅस भरण्याची काहीही गरज नसते. पाण्याच्या हलक्या फवाऱ्याने कंडेन्सर धुणे आणि पंखा दुरुस्त करणे हाच उपाय.

४. थोडा वेळ गार, मग गरम, पुन्हा गार. येथे दोन शक्यता आहेत. हवेचा जोरही कमी होत असेल, तर कूलिंग कॉइलवर बर्फ साचून हवेची वाट बंद होत आहे. हवेचा जोर कायम राहून फक्त गारवा जात असेल, तर नळ्यांत पाण्याचा अंश शिरला असावा. तो झडपेच्या बारीक छिद्रात गोठतो, प्रवाह अडतो. बर्फ वितळला की प्रवाह पुन्हा सुरू होतो.

५. यंत्र सगळे ठीक, तरी हवा गरम. डॅशबोर्डमध्ये थंड आणि गरम हवेचे प्रमाण ठरवणारी एक झडप असते. ती गरम बाजूला अडकली, तर कूलिंग कॉइलने गार केलेली हवा हीटरवरून जाऊन पुन्हा तापते. इंजिनाजवळील दोन नळ्या याची साक्ष देतात. जाड नळी गार आणि ओली असेल, बारीक नळी गरम असेल, तर प्रशीतकाचे चक्र चालू आहे आणि दोष आतल्या झडपेत आहे असे समजावे.

नळ्यांना हात लावण्याचे काम मोठ्या माणसांच्या देखरेखीखालीच करावे, तेही इंजिन बंद केल्यावर. कॉम्प्रेसरमधून निघणारी नळी चटका देण्याइतकी तापते आणि काही मोटारींत पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू लागतो.

मोटारीखाली पडणाऱ्या पाण्याबद्दलही एक शब्द. पावसाळ्यात हवेतील बाष्प कूलिंग कॉइलवर जमून पाण्याचे थारोळे साचते. मे महिन्यातील कोरड्या हवेत ते फारच थोडे पडते. पाणी कमी म्हणजे यंत्र बिघडले, असे समजू नये.

दाबमापक काय सांगतो आणि काय सांगत नाही

वरील तपासणीत कारण सापडले नाही, तर मोटार कारागिराकडे न्यावी. तो दोन दाबमापक लावतो : कमी दाबाच्या बाजूला निळा आणि जास्त दाबाच्या बाजूला लाल. हे मापक वातावरणापेक्षा जास्तीचा दाब दाखवतात हे विसरू नका. एकूण दाबासाठी त्यात आपल्या शहराचा सुमारे ०.९५ बार मिळवावा लागतो.

मोटार रात्रभर उभी आहे, सकाळचे तापमान ३० अंश आहे आणि कॉम्प्रेसर बंद आहे, अशी कल्पना करा. नळ्यांत द्रव आणि वाफ शेजारी शेजारी असतील, तर दाब केवळ तापमानावर ठरतो. वरील आकड्यांप्रमाणे तो एकूण ७.७ बार, म्हणजे मापकावर सुमारे ६.७ बार असेल. आता गंमत पाहा. द्रव ४०० ग्रॅम असो की ५० ग्रॅम, मापक तेवढाच दाब दाखवील! स्वयंपाकाच्या गॅसची टाकी अर्धी झाली म्हणून तिच्यातील दाब अर्धा होत नाही, ती वजन करूनच पाहावी लागते. तसेच हे आहे.

म्हणून बंद यंत्राच्या दाबावरून तीनच गोष्टी सांगता येतात. दाब या आकड्यापेक्षा बराच कमी असेल, तर द्रव उरलेलाच नाही. मोठी गळती झाली आहे. दाब बरोबर असेल, तर थोडा तरी द्रव आहे, पण किती ते कळत नाही. दाब जास्त असेल, तर आत हवा किंवा दुसरा वायू मिसळला आहे. मिश्रणात प्रत्येक वायू आपापला दाब देतो, हा डाल्टनचा नियम येथे कामी येतो.

यंत्र चालू केल्यावर आणखी माहिती मिळते. दोन्ही बाजूंचे दाब कमी असतील, तर प्रशीतक अपुरे असण्याचा संभव मोठा. दोन्ही जास्त असतील, तर प्रशीतक अधिक भरले आहे किंवा कंडेन्सर नीट थंड होत नाही. कमी बाजूचा दाब चढलेला आणि जास्त बाजूचा उतरलेला, असे दोन्ही एकमेकांजवळ आले, तर कॉम्प्रेसर झिजला आहे. कमी बाजूचा दाब अगदी शून्याकडे झुकला, तर वाटेत, बहुधा झडपेत, अडथळा आहे.

दुरुस्तीचा योग्य क्रम

गळती असेल तर पहिले काम तिचा शोध. प्रशीतकाबरोबर तेलही बाहेर येते आणि त्यावर धूळ चिकटते. म्हणून सांध्यावरील तेलकट काळा डाग ही चांगली खूण. मग नळ्यांत कोरडा नायट्रोजन वायू दाबाने भरून सांध्यांना साबणाचे पाणी लावतात. बुडबुडे आले की छिद्र सापडले. ज्योत लावून गळती शोधणे मात्र घातक आहे. ज्योतीत प्रशीतकाचे विघटन होऊन विषारी वायू तयार होतात.

छिद्र बुजवल्यानंतर निर्वात पंप लावून नळ्यांतील हवा काढली जाते. याचा हेतू केवळ हवा काढणे एवढाच नाही. पाणी ३० अंशांना उकळावे यासाठी दाब सुमारे ०.०४ बारच्या खाली न्यावा लागतो. पंप तेथपर्यंत पोचला की नळ्यांतील ओलावा उकळून वाफेच्या रूपाने बाहेर जातो. हे काम दोन मिनिटांत होत नाही. अर्धा तास तरी पंप चालला पाहिजे. घाईने उरकलेल्या दुरुस्तीनंतर वर सांगितलेला चौथा विकार उद्भवतो, तो यामुळेच.

शेवटी प्रशीतक भरायचे, ते वजन करून. बॉनेटखालच्या पट्टीवर प्रशीतकाचे नाव आणि ग्रॅममधील वजन छापलेले असते. त्याहून कमी भरले तर गारवा अपुरा, जास्त भरले तर कंडेन्सरमध्ये द्रव साचून दाब चढतो आणि तरीही गारवा अपुराच. 'जास्त गॅस म्हणजे जास्त थंडी' हा समज खोटा आहे. नाव जुळणेही तितकेच महत्त्वाचे. २०११ साली व्हिएतनाम व ब्राझील येथे जहाजांवरील शीतपेट्यांच्या यंत्रांत मिथिल क्लोराइड मिसळलेले भेसळीचे प्रशीतक गेले. त्याची ॲल्युमिनियमशी रासायनिक क्रिया होऊन स्फोट झाले आणि कामगारांचे बळी गेले.

नळ्यांचे सांधे स्वतः उघडण्याच्या भानगडीत कोणीही पडू नये. दाबाखालील द्रव बाहेर उडताच कडाक्याचा थंड होतो. तो डोळ्यांत गेला तर दृष्टी जाऊ शकते.

हवेत सोडलेल्या अर्ध्या किलोची किंमत

आता तो मोठा प्रश्न. पूर्वी मोटारींत आर-१२ हे प्रशीतक असे. त्यातील क्लोरीन वातावरणाच्या वरच्या थरातील ओझोनचा नाश करील, असे १९७४ साली मारियो मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी दाखवून दिले. पुढे १९८७ साली माँट्रियल करार झाला, आर-१२ मागे पडले आणि आर-१३४ए आले. १९९५ साली या दोघांना पॉल क्रुट्झेन यांच्यासमवेत रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आर-१३४एमध्ये क्लोरीन नाही, म्हणून ओझोनला धोका नाही. परंतु ते उष्णता अडवून धरते. १०० वर्षांच्या हिशेबाने त्याचा १ किलो हा कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४३० किलोंइतका परिणाम करतो. अर्धा किलो हवेत सोडले, तर ते ७१५ किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखे झाले. १ लिटर पेट्रोल जळून सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे ही एक गळती ३१० लिटर पेट्रोल जाळण्याच्या बरोबरीची! लिटरला १५ किलोमीटर धावणारी मोटार तेवढ्यात साडेचार हजार किलोमीटरहून अधिक अंतर तोडील. गळती न शोधता वर्षातून दोनदा गॅस भरणाऱ्याने हा हिशेब दुप्पट करावा.

२०१६ साली रवांडातील किगाली येथे अशा प्रशीतकांचा वापर टप्प्याटप्प्याने कमी करण्याचे ठरले आणि २०२१ साली भारताने त्याला संमती दिली. त्यानुसार आपल्या देशाने २०४७ सालापर्यंत हा वापर ८५ टक्क्यांनी कमी करायचा आहे. आर-१२३४वायएफ हे नवे प्रशीतक उष्णता फारच कमी अडवते. युरोपात नव्या मोटारींतून आर-१३४ए गेले आहे. मात्र नवे प्रशीतक थोडे ज्वालाग्राही असल्याने जुन्या यंत्रात ते भरता येत नाही. तेव्हा आज रस्त्यावर असलेल्या मोटारींपुरते आपल्या हातात एवढेच आहे : दुरुस्तीपूर्वी जुने प्रशीतक हवेत न सोडता यंत्राने टाकीत ओढून घेणाऱ्या गॅरेजकडे जाणे आणि आधी छिद्र बुजवून मग वजनाने प्रशीतक भरण्याचा आग्रह धरणे.

करून पाहा, विचार करा

१. सुई नसलेल्या प्लॅस्टिकच्या पिचकारीत, म्हणजे सिरिंजमध्ये, शिक्षकांच्या मदतीने सुमारे ६० अंशांचे थोडे पाणी घ्या. हवा काढून टाका, तोंड घट्ट बंद करा आणि दट्ट्या जोराने मागे ओढा. पाण्यात बुडबुडे येऊन ते उकळताना दिसेल. निर्वात पंपाने नळ्या कशा वाळतात ते यावरून सांगा.

२. तापमापकाच्या फुग्याभोवती स्पिरिटचा ओला कापूस गुंडाळून पंख्याखाली धरा. पारा किती उतरतो? आषाढात पाण्याने ओला केलेला कापूस घेऊन तोच प्रयोग केला, तर वैशाखाइतकाच उतरेल का?

३. बंद खोलीत फ्रिजचे दार दिवसभर उघडे ठेवले, तर खोली गार होईल की गरम? वरील ४००० आणि ५५०० या आकड्यांच्या आधारे उत्तर द्या.

४. एक कारागीर म्हणतो, "मोटार बंद आहे, मापकावर दाब बरोबर आहे, म्हणजे गॅस पुरेसा आहे." त्याचे म्हणणे कोठे चुकते, ते चार ओळींत लिहा.

चौथ्या प्रश्नाचे उत्तर ज्यांना नीट देता येईल, त्यांना आपल्या घरच्या मोटारीसाठी 'गॅस भरून द्या' असे न सांगता 'गळती आहे का ते आधी पाहा' असे सांगता येईल.